तळपद्यांची सून आणि मार्गिकाचे शेअर

फणसवाडीतल्या तळपद्यांच्या घरी अक्षता सून होऊन आली त्याला बरीच वर्षं झाली होती, तरी श्यामकांत तळपदे तिचा उल्लेख 'लालबागवाली' असाच करत. तोंडावर नव्हे. बहिणीशी फोनवर बोलताना करत, पण आवाज असा लावत की स्वयंपाकघरात नीट ऐकू जावं. अक्षता ऐकत असे आणि नळ जरा मोठा सोडत असे. या सासरा-सुनेचं कधी जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर जमावं अशी दोघांपैकी कुणाचीच इच्छा नव्हती.

तळपदे म्हणजे जुने मुंबईकर. एके काळी गिरगावात त्यांची चार घरं होती म्हणे. ती केव्हाच गेली. उरला होता तीन खोल्यांचा हा मजला, ठाकूरद्वारचा एक दुकानाचा गाळा आणि वाडवडिलांचा तोरा. श्यामकांत विमा कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. सकाळी चहा झाला की शेअर बाजाराचं चॅनल लावून बसत ते बाजार बंद होईपर्यंत. आपल्याला बाजार कळतो याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती, आणि घरात कुणी ती बोलून दाखवलेली त्यांना खपत नसे. बायको लीला त्यांच्या हो ला हो मिळवी. मुलगा सिद्धार्थ फोर्टमधल्या एका कंपनीत हिशेबनीस होता. तो हो किंवा नाही यातलं काहीच म्हणत नसे.

अक्षता माहेरची घाडी, लालबागच्या चाळीतली. तिचे वडील गिरणी बंद पडल्यावर भायखळ्याच्या भाजीबाजारात एका अडत्याकडे राबले आणि तिथेच एका उन्हाळ्यात कोसळून गेले. आईने खानावळीच्या पोळ्या लाटून दोन्ही मुलांना शिकवलं. अक्षता बी.कॉम. झाल्या झाल्या लोअर परळच्या एका दलाली पेढीत कागद लावायच्या कामाला लागली आणि तिथून, कुणाची ओळख नसताना, डीलिंग रूममध्ये पोचली. डीलर म्हणजे मोठ्या संस्थांच्या खरेदी-विक्रीचे सौदे पार पाडणारी. म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, परदेशी फंड ही तिची गिऱ्हाइकं. असल्या गिऱ्हाइकाला विकायचा असतो तो माल एवढा असतो की नुसता वास लागला तरी भाव गडगडेल. तो वास लागू न देता विकून देणं, हे तिचं काम. ती त्यात तरबेज होती. श्यामकांत मात्र लोकांना सांगत, "आमची सून फोन उचलते. ऑपरेटर."

त्या वर्षी मार्गिका टेक्नॉलॉजीज नावाची कंपनी बाजारात आली. मालाचे ट्रक कुठे पोचले, कुठे अडकले, हे मोबाइलवर दाखवणारं सॉफ्टवेअर ती विकायची. नवी टेक कंपनी, जाहिरातबाजी जबरदस्त. श्यामकांतांनी अर्ज भरला होता, पण त्यांना एकही शेअर लागला नाही. बाजारात आल्यावर भाव चढत गेला तसा त्यांचा जळफळाट वाढत गेला. शेवटी त्यांनी ठाकूरद्वारचा गाळा विकला आणि आलेले जवळजवळ सगळे पैसे मार्गिकात घातले, चढ्या भावाने.

ही बातमी त्यांनी जेवताना दिली. लीलाताईंनी कोळंबीचं आटलं, म्हणजे दाट कालवण, केलं होतं. श्यामकांत इतके खूश होते की त्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

अक्षताच्या मनात त्याच क्षणी एक गोष्ट आली, आणि ती काही गुपित नव्हती. कंपनी बाजारात येण्याआधी ज्यांनी तिच्यात पैसे घातलेले असतात, त्यांना पुढचे सहा महिने आपले शेअर विकता येत नाहीत. याला लॉक-इन म्हणतात. मार्गिकाचा मोठा हिस्सा सिंगापूरच्या एका फंडाकडे होता, आणि तो त्याने कंपनी लहान असताना मातीमोल घेतला होता. त्याचे शेअर कुलपात होते म्हणून बाजारात फिरणारे शेअर थोडे होते, आणि थोड्यावर सगळे तुटून पडले म्हणून भाव एवढा होता. कुलूप उघडायला दोन-अडीच महिने राहिले होते. हे सगळं कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं. ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

"पपा, पण त्याचं लॉक-इन..." तिने सुरुवात केली.

"तुला विचारलं?" श्यामकांत म्हणाले. "दुसऱ्यांच्या ऑर्डरी फोनवर लिहून घेतेस, ते ठीक आहे. तळपद्यांचा पैसा कुठे घालायचा ते लालबागने शिकवायची वेळ अजून आलेली नाही."

सिद्धार्थने पाण्याचा पेला उचलला आणि सावकाश पाणी प्यायला.

अक्षता गप्प बसली. आणि ती दुःखाने गप्प बसली असं नाही. तिला त्यात एक गार, वाईट मजा वाटली. बसा आता, तिने मनात म्हटलं, बघू कसा शिकवता बाजाराला.

आठवड्याभराने सिद्धार्थनेही थोडे मार्गिका घेतले. त्याने मात्र रीतसर घेतले. डीलरच्या नवऱ्याचं खातं दुसऱ्या दलालाकडे असलं तरी पेढीत नोंदवलेलं असतं. त्याला काही घ्यायचं-विकायचं तर आधी पेढीची परवानगी लागते. ती अक्षतानेच त्याला काढून दिली. "कुलूप उघडायच्या आत विकून टाक," ती त्याला म्हणाली. तो म्हणाला, "बघू." त्याने ही गोष्ट बापाला सांगितली का, तिने विचारलं नाही.

कुलूप उघडलं. काही झालं नाही. भाव दोन दिवस डळमळला आणि पुन्हा वर गेला. श्यामकांतांनी चॅनलवरच्या माणसासारखे हात उडवून सांगितलं की असल्या कंपन्या सोडून कोण जातो. सिद्धार्थही मग विकायचं विसरला.

त्यानंतर महिन्याभराने, एका सोमवारी, डीलिंग रूमचा मुख्य दौलत कपाडिया याने अक्षताला केबिनमध्ये बोलावलं.

"दार लाव," तो म्हणाला. "आधी यावर सही कर, मग सांगतो."

तिने सही केली. एवढ्या वर्षांत असली सही तिने पुष्कळदा केली होती. सही केली की जे कानावर पडेल ते बाहेर न्यायचं नाही, असा त्याचा अर्थ.

"सिंगापूरवाले निघतायत. मार्गिकातला अर्धा माल काढायचाय. परवा सकाळी."

"घेईल मार्केट एवढं?"

"भाव तोडून दिला तर घेईल. तुझे दोन विमावाले आणि तो म्युच्युअल फंड, त्यांच्याशी तू बोल. घरात कुणाकडे आहेत?"

"नवऱ्याकडे थोडे आहेत. सासऱ्यांकडे... बरेच."

दौलतने सही केलेला कागद फायलीत घातला. "नवऱ्याला आजपासून मार्गिका बंद. त्याने परवानगी मागितली तर नुसतं नाही म्हणायचं, कारण द्यायचं नाही. आणि सासऱ्यांना एक शब्द नाही. काय? तू बोललीस तर मी तुला वाचवू शकणार नाही. सेबी मला पण उचलेल."

"मी त्यांच्याशी तसंही बोलत नाही," अक्षता म्हणाली.

दौलत हसला. तिला हसू आलं नाही.

त्या संध्याकाळी घरी विचित्रच झालं. टीव्ही बंद होता. श्यामकांत ताटावर बसले आणि तिला नावाने हाक मारून म्हणाले, "अक्षता, तू मार्केटमध्ये असतेस. तुला काय वाटतं? लीलाची एक ठेव सुटते आहे. मार्गिका अजून थोडे घेऊन ठेवावेत का?"

इतक्या वर्षांत या माणसाने तिला कधी काही विचारलं नव्हतं. आणि विचारलं ते आज. अक्षताच्या हातात आमटीची पळी होती. "घेऊ नका" हे दोन शब्द तिच्या जिभेवर आले होते. ते बोलणं हा गुन्हा होता. "मला यावर बोलता येणार नाही" हेही चालणारं नव्हतं, कारण ते ऐकून मूल सुद्धा ओळखेल.

"मला त्यातलं काही कळत नाही, पपा," ती म्हणाली.

"बघ," श्यामकांत बायकोला म्हणाले. आवाज पुन्हा जुना झाला होता. "रोज लोअर परळला जाऊन बसते, आणि कळत नाही म्हणते."

एरवी अक्षताने काहीतरी टोचून उत्तर दिलं असतं. मार्गिकाचं नाव निघालं की तिचा ओठ जरा वाकडा होई, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी ती काही बोलली नाही. सिद्धार्थने ताटावरून मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा जेवू लागला.

दुसऱ्या दिवशी श्यामकांतांनी लीलाताईंची ठेवही मार्गिकात घातली.

बुधवारी सकाळी सौदा झाला. अक्षताने फोन खाली ठेवला नाही. घेणाऱ्याला एवढा माल एकदम घ्यायचा म्हणजे त्याला आदल्या दिवसापेक्षा स्वस्त हवा असतो. नाहीतर त्याने बाजारातून थोडा थोडा घेतलाच असता. घासाघीस झाली आणि फंडाचा अर्धा हिस्सा काही मिनिटांत दुसऱ्यांच्या खात्यात गेला. दौलतने टेबलावर थाप मारली. कुणीतरी समोसे मागवले.

मग बाजार उघडला आणि मार्गिकाचा भाव घसरू लागला. सौद्याच्या भावापर्यंत आला, तिथे जरा थांबला आणि त्याच्याही खाली गेला.

कंपनीचं काय बिघडलं होतं? काहीच नाही. ट्रक काल धावत होते तसे आजही धावत होते. पण बाजारातला प्रत्येक माणूस स्वतःला एकच प्रश्न विचारत होता: ज्याने ही कंपनी आतून पाहिली आहे तो का निघाला? त्याला असं काय माहीत आहे जे मला नाही? उत्तर ठाऊक नसलं की माणूस आधी विकतो. शिवाय काल जे शेअर कुलपातून येऊन नुसते पडून होते ते आज नव्या हातांत होते, आणि त्यातले काही हात लगेच विकून दोन पैसे सोडवायच्या तयारीचे होते. उसने पैसे काढून ज्यांनी मार्गिका घेतले होते त्यांचे शेअर त्यांच्या दलालांनी परस्पर विकले. विकणाऱ्याला बघून दुसरा विकत होता. अक्षता समोरच्या पडद्यावर लाल आकडे बघत बसली. हे सगळं तिला सोमवारपासून माहीत होतं. फणसवाडीत एक म्हातारा या क्षणी टीव्हीसमोर कसा बसला असेल, तेही तिला दिसत होतं.

संध्याकाळी कोणत्या फंडाने विकले ते जाहीर झालं. कोणत्या पेढीमार्फत, ते चॅनलवरच्या बाईने सांगून टाकलं.

अक्षता जिना चढून आली तेव्हा श्यामकांत दारातच उभे होते.

"तुमच्याच पेढीतून विकले ना?"

तिने चपला काढल्या.

"तुला विचारतोय! तू होतीस त्यात?"

"मला यावर बोलता येणार नाही, पपा."

"म्हणजे होतीस." ते आत वळून ओरडले. "लीला, ऐक! परवा ही माझ्या ताटात आमटी वाढत होती. मी हिला विचारलं, विचारलं मी, आणि ही म्हणाली कळत नाही. कळत नाही! माझा गळा कापून आली ही!"

"सांगितलं असतं तर मी आत गेले असते. तुम्ही विकले असते तर तुम्ही सुद्धा."

"घरच्या माणसाला सांगितलं म्हणून कोण आत जातं गं? नियम शिकवतेस? नियतच नव्हती तुझी. लालबागवाली ती लालबागवालीच."

हे पहिल्यांदाच तोंडावर आलं होतं. अक्षताने सिद्धार्थकडे पाहिलं. तो खुर्चीत बसून बुटाची नाडी सोडत होता. बराच वेळ सोडत होता.

त्यानंतर त्या घरात जे सुरू झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही. भांडणात निदान दोन बाजू बोलतात. श्यामकांतांनी तिने केलेलं खायचं सोडलं. लीलाताई त्यांच्यापुरता वेगळा कुकर लावू लागल्या. तिने धुतलेला पेला ते पुन्हा विसळून घेत, तिच्यासमोर. वाडीत खालच्या दुकानदारापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना कळलं की तळपद्यांच्या सुनेनं सासऱ्याला बुडवलं. बायका तिला पाहून बोलायच्या थांबत. दोघे-तिघे तर वेगळ्याच कारणाने जिन्यात अडवू लागले: "वहिनी, आता कुठला पडणार आहे तेवढं सांगा ना."

मार्गिका काही सावरेना. फंडाकडे अजून अर्धा हिस्सा होता, आणि तीच मेख होती. कंपनीने तिमाहीचे आकडे चांगले दिले तरी भाव जागचा हलेना. जरा वर गेला की लोक म्हणत, आता सिंगापूरवाले उरलेले काढतील, त्याआधी आपण निघू. एका मोठ्या विकणाऱ्याची नुसती शक्यता त्या शेअरच्या मानेवर बसून होती. श्यामकांत रोज ते बघत आणि रोज अक्षताच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून एखादं वाक्य फेकत. शेवटी त्यांनी धीर सोडला आणि सगळे शेअर मिळेल त्या भावाला विकून टाकले. त्या दिवशी ते तिला म्हणाले, "आता सांग तुझ्या साहेबांना. झालं म्हणावं."

"जाऊ दे ना," सिद्धार्थ तिला म्हणे. "वय झालंय त्यांचं. तू मनावर घेऊ नकोस."

"तू एकदा तरी बोल त्यांना."

"काय बोलू?"



पेढीत नियम पाळले जातात की नाही ते बघणारं एक खातं असतं. तिथली प्राची देवधर ही शांत, कोरडी बाई. तिने एका दुपारी अक्षताला बोलावलं आणि दार स्वतः लावलं.

"मार्गिकाचं तू घरी कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. सासऱ्यांचे पैसे बुडाले, ते सगळ्या गिरगावाला माहीत आहे. मी सांगितलं असतं तर बुडाले असते का?"

"सासऱ्यांचं मी विचारतच नाही आहे." प्राचीने कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. "सिद्धार्थ तळपदे. मंगळवारी दुपारी सगळे मार्गिका विकले. सौद्याच्या आदल्या दिवशी. परवानगी मागितलेली नाही."

अक्षताने ते दोनदा वाचलं. आधी तिला वाटलं, दुसरा कुणी सिद्धार्थ असेल. मग तिने खात्याचा नंबर ओळखला.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"माझा तुझ्यावर विश्वास आहे असं मी म्हणू शकत नाही," प्राची म्हणाली. "चौकशी होईल. तोपर्यंत तू डेस्कवर बसायचं नाहीस."

ती घरी पोचली तेव्हा तिघंही बाहेरच्या खोलीत होते. तिने पर्स ठेवली नाही, चपला काढल्या नाहीत.

"सिद्धार्थ, तू मार्गिका कधी विकलेस?"

श्यामकांतांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"ते... मी तुला सांगणार होतो."

"कधी विकलेस?"

"मंगळवारी."

"का?"

सिद्धार्थने बापाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तू गप्प झालीस म्हणून. पपांनी विचारलं आणि तू काही बोलली नाहीस. तू कधी अशी सोडतेस का? मार्गिका म्हटलं की तू तोंड वाकडं करायचीस. त्या दिवशी केलं नाहीस. मी म्हटलं, काहीतरी आहे."

"आणि परवानगी?"

"मागितली असती तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हणाले असते. म्हणून तर मागायची असते."

श्यामकांत मधे उठले. "थांब. तू विकलेस? मंगळवारी?" ते मुलाला विचारत होते. "त्याच मंगळवारी मी तुझ्या आईची ठेव घातली. तू सकाळी माझ्याबरोबर चहा प्यायलास."

"पपा, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही वाडीभर सांगितलं असतंत. मग हिचं काय झालं असतं?"

"माझं काय झालं असतं!" अक्षता ओरडली. त्या घरात ती पहिल्यांदा ओरडली. "माझी काळजी होती तुला? इतके आठवडे हे माझ्या हातचं पाणी पीत नाहीत. वाडीत मला चोर म्हणतायत. आणि तू मला म्हणतोस मनावर घेऊ नकोस! तुझे पैसे खिशात ठेवून!"

श्यामकांत दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. मुलाने आपल्याला बुडताना पाहिलं आणि स्वतः काठावर चढला, हे त्यांना कळलं असणारच. पण त्या माणसाला राग काढायला एकच जागा माहीत होती.

"हिनेच सांगितलं असणार," ते म्हणाले. "नवऱ्याचे वाचवले, सासऱ्याचे बुडवले. मला मूर्ख समजू नका."

तेव्हा लीलाताई बोलल्या. त्यांचा आवाज काही मायेचा नव्हता. "तिने सांगायचं ठरवलं असतं तर आपलेही वाचले असते. नुसते नवऱ्याचे वाचवून तिला इथे राहता आलं असतं का? काहीतरी डोकं चालवा."

"तू गप्प बस," श्यामकांत म्हणाले.

अक्षता त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "पपा, एक गोष्ट मी तुम्हाला सांगायला हवी होती. तुम्ही शेअर घेतलेत त्या दिवशी. लॉक-इन उघडलं की मोठा माणूस विकू शकतो, ते तेव्हा गुपित नव्हतं, मला सांगता आलं असतं. तुम्ही मला बोललात, म्हणून मी मुद्दाम गप्प बसले. जिरू दे म्हटलं. ते माझं चुकलं, आणि ते मी कुणासमोरही कबूल करीन. पण तुम्ही मला ज्यासाठी चोर म्हणता ते मी केलेलं नाही. ते तुमच्या मुलानं केलंय."

श्यामकांतांनी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

ती कपड्यांची एक बॅग भरून लालबागला गेली. आईने दार उघडलं, बॅगेकडे पाहिलं, आणि मागे वळून मुलाला म्हणाली, "दीपक, तुझा अंथरूण भायर घाल. अक्षू इली हा." मग तिला म्हणाली, "मारल्यान काय तुका?"

"नाही गं."

"मगे बस. काय झाला ता सकाळी सांग."

चौकशी चालली. अक्षताने खरं ते सगळं सांगितलं, नवऱ्याला पाठीशी घातलं नाही. दौलतने तिच्या बाजूने पत्र दिलं. सिद्धार्थला वाचलेली सगळी रक्कम दंडासकट भरावी लागली. अक्षताने माहिती फोडल्याचं सिद्ध झालं नाही. पण जिच्या नवऱ्याने असं केलं तिला डेस्कवर बसवायला पेढी तयार नव्हती. तिला पुन्हा कागदांच्या खात्यात पाठवलं, जिथून ती सुरू झाली होती. तिने महिनाभर ते काम केलं आणि राजीनामा दिला. आता ती दादरच्या एका विमा कंपनीत गुंतवणुकीच्या विभागात आहे. पगार पहिल्याहून कमी आहे. तिथे कुणाला मार्गिकाचं माहीत नाही असं तिला वाटतं. तिथे सगळ्यांना माहीत आहे.

सिद्धार्थ एकदा लालबागला आला. चाळीच्या गॅलरीत उभा राहून म्हणाला, "घरी चल. पपा आता काही बोलत नाहीत."

"तू त्यांना सांगितलंस का, की मी तुला काही सांगितलं नव्हतं? तू स्वतः ओळखलंस?"

"ते आता कशाला उकरायचं?"

"वाडीत कुणाला सांगितलंस?"

त्याने कठड्यावर हात ठेवला, काढला. दीपक दारात येऊन उभा राहिला होता.

"तू त्या दिवशी माझं तोंड वाचलंस," अक्षता म्हणाली. "आताही वाच आणि जा."

तो गेला. त्याच महिन्यात अक्षताने घटस्फोटासाठी वकील गाठला.

वर्ष उलटण्याआधी सिंगापूरच्या फंडाने उरलेला अर्धा हिस्साही विकला. या वेळी सौदा दुसऱ्याच पेढीने केला. भाव दोन दिवस खाली आला, आणि मग चमत्कार वाटावा तसा चढू लागला. ज्याची भीती होती तो विकणारा आता राहिलाच नव्हता, आणि ट्रक आपले धावतच होते. श्यामकांतांनी ज्या भावाने घेतले होते तो भाव मार्गिकाने पार केला.

दीपकचा एक मित्र फणसवाडीत जाऊन-येऊन असे. त्याने येऊन सांगितलं की म्हातारा आता सगळ्यांना सांगतोय, हाही सौदा सुनेनंच घडवून आणला, मी विकेपर्यंत थांबली आणि मग भाव वर नेला.

अक्षताला त्याची कीव आली, असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तिला कीव आली नाही. तिला राग आला, कानापर्यंत. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने वकिलाला फोन केला आणि घटस्फोटाची तारीख जितकी लवकरची मिळेल तितकी घ्यायला सांगितली.